इझनिकला जाताय? बशी आधी पालथी करून बघा

रानवाट

तुर्कस्तानच्या सहलीत इझनिक सहसा कुणाच्या यादीत नसतं. जे जातात ते निळ्या फरश्यांनी मढलेलं गाव दिसेल या आशेने जातात आणि हिरमुसून परततात. तसं होऊ नये म्हणून हा धागा.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. इझनिकच्या भट्ट्यांमधून सोळाव्या शतकात निघालेला उत्तम माल, म्हणजे रंगवलेल्या फरश्या आणि भांडी, इझनिकमध्ये फारसा राहिलाच नाही. तो ऑटोमन दरबाराच्या मागणीनुसार इस्तंबूलला गेला आणि तिथल्या मशिदींच्या भिंतींवर चढला. म्हणून क्रम असा ठेवा: आधी इस्तंबूलमध्ये दोन दिवस फरश्या बघा, मग इझनिकला जाऊन त्या कशा होतात ते बघा. उलटं केलंत तर कार्यशाळेत काय बघायचं तेच कळणार नाही.

इस्तंबूलमध्ये सुलेमानियेपासून सुरुवात करा. मशीद 1557 सालची. मिहराबच्या (प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या) आजूबाजूच्या फरश्यांवर तो प्रसिद्ध लाल रंग इमारतीत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरलेला दिसतो. तिथून उतारावरून एमिनोन्यूकडे खाली आलात की रुस्तम पाशा मशीद, 1560च्या दशकाच्या सुरुवातीची. ही दुकानांच्या वर उंच जोत्यावर आहे, आत जायला दुकानांच्या मधून अरुंद जिना. पाटी नीट बघितली नाही तर समोरून निघून जाल. कादिर्गा भागातली सोकोल्लू मेहमेद पाशा मशीद (1571-72) तिसरी. माझ्या मते फरश्यांची मांडणी सगळ्यात उत्तम इथली, कारण फरश्या किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, भिंतीवर एकवटल्या आहेत आणि बाकीचा दगड मोकळा ठेवलाय. निळ्या मशिदीत वीस हजारांहून जास्त फरश्या आहेत, पण बऱ्याचशा वरच्या सज्ज्यांमध्ये, खालून नीट दिसत नाहीत. छोटी दुर्बीण असेल तर न्या.

तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो हे लक्षात ठेवून बेत करा. तिथल्या सुंता-दालनाच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-फिरोजी रंगांतले उंचच उंच फलक आहेत, लांब दातेरी पानं आणि त्यांत लपलेले पक्षी. लाल रंग यायच्या आधीचं काम ते.

जायचं कसं: इस्तंबूलच्या येनिकापी धक्क्यावरून यालोव्याला जलद फेरीबोट आहे, साधारण सव्वा तास. यालोव्याच्या बसस्थानकावरून इझनिकची मिनीबस, ओरहानगाझीवरून तळ्याच्या काठाकाठाने, अंतर साठेक किलोमीटर. बुर्सात मुक्काम असेल तर तिथल्या मुख्य बसस्थानकावरून मिनीबस, ऐंशीएक किलोमीटर, दीड तास धरा. दोन्हीकडे आगाऊ आरक्षणाची भानगड नाही. मात्र इझनिकला उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी किती वाजता ते चालकालाच विचारा. संध्याकाळी लवकर गाड्या संपतात.

दूरदेशी

चांगला धागा. व्हिसाबद्दल भर: भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा त्यांनाच मिळतो ज्यांच्याकडे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा अथवा रहिवासी परवाना आहे. बाकीच्यांनी व्हिसा केंद्रातून पासपोर्टवर चिकटवायचा व्हिसा घ्यायचा. ई-व्हिसाच्या जोरावर जात असाल तर मूळ शेंगेन वगैरे व्हिसाही विमानतळावर दाखवावा लागतो. तो जुन्या पासपोर्टात असेल तर जुना पासपोर्ट सामानात टाकू नका, हातात ठेवा.

गावाचा नकाशा डोक्यात बसवायला सोपा आहे. रोमन काळापासूनचे दोन सरळ रस्ते, एक उत्तर-दक्षिण (अतातुर्क रस्ता) आणि एक पूर्व-पश्चिम (किलिचआर्स्लान रस्ता). दोघे जिथे छेदतात तिथे आयासोफ्या, म्हणजे जुनं चर्च. सभोवती जवळपास पाच किलोमीटरचा तट. उत्तरेला इस्तंबूल दरवाजा, पूर्वेला लेफके दरवाजा, दक्षिणेला येनिशेहिर दरवाजा, पश्चिमेला तळं. तटाच्या आतलं सगळं पायी होतं.

गाव म्हणजे जुनं निकिया. 325 साली ख्रिस्ती धर्माची पहिली सर्वसाधारण परिषद इथे भरली, 787 ची सातवी परिषद आयासोफ्यात. ही इमारत 2011 पासून पुन्हा मशीद म्हणून वापरात आहे, तेव्हा बायकांनी ओढणी आणि सगळ्यांनी सहज निघणारे बूट. तळ्यात किनाऱ्याजवळ बुडालेल्या बॅसिलिकेचे (प्राचीन चर्चचे) अवशेष 2014 मध्ये हवाई छायाचित्रांतून सापडले. परिषदेला 1700 वर्षं झाल्याच्या निमित्ताने पोप लिओ चौदावे 28 नोव्हेंबर 2025 रोजी याच ठिकाणी प्रार्थनेला आले होते. तळ्याचं पाणी ओसरल्यामुळे आता काठावरूनच भिंतींची रेघ दिसते.

निळाई

रानवाट, "बशी पालथी करून बघा" हे शीर्षक देऊन तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत!

दुसरा प्रश्न: हिरव्या मशिदीचा मिनार म्हणजे इझनिकच्या फरश्यांचा सगळ्यात जुना नमुना, असं एका प्रवासपुस्तिकेत वाचलं. बरोबर आहे का?

मातीकाम

दोन्हीचं उत्तर मी देतो, कारण दोन्ही एकाच मुद्द्यावर येतात.

हिरवी मशीद, येशिल जामी, 1378 ते 1392 या काळात बांधलेली. मिनारावर हिरव्या-फिरोजी फरश्यांची नागमोडी नक्षी आहे, त्यातल्या बऱ्याच नंतर बदललेल्या. सुंदर आहे, जरूर बघा. पण ज्याला जग "इझनिक" म्हणून ओळखतं ते हे नव्हे. त्या काळात इथले कुंभार साध्या लाल मातीची भांडी करायचे आणि वरून पांढऱ्या मातीचा हात देऊन रंगवायचे. ती भांडी मिलेतस गावच्या उत्खननात सापडली म्हणून त्यांना चुकून "मिलेतसची भांडी" असं नाव पडलं. इझनिकमध्ये 1963 पासून प्राध्यापक ओक्ताय असलानापा यांनी भट्ट्यांचं उत्खनन सुरू केलं, तेव्हा खराब निघालेले, एकमेकांना चिकटलेले तुकडे तिथेच सापडले. माल इथलाच हे त्यावरून सिद्ध झालं. हे उत्खनन गावाच्या मध्यात, दुसऱ्या मुरादच्या हमामाशेजारी आहे, कुंपणाबाहेरून दिसतं.

खरा बदल 1480 च्या आसपास झाला. लाल माती गेली आणि त्या जागी जवळजवळ वाळूचं भांडं आलं. अक्षरशः. अंगात, म्हणजे रंग आणि चकाकीच्या खालच्या मूळ भांड्यात, 80 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त सिलिका, म्हणजे दळलेली गारगोटी. तिला धरून ठेवायला थोडी पांढरी माती आणि थोडं फ्रिट. फ्रिट म्हणजे काच वितळवून पाण्यात ओतायची, ती तडतडून फुटते, मग दळायची. काशानच्या अबुल कासिमने 1301 मध्ये लिहून ठेवलेलं इराणी प्रमाण 10 भाग गारगोटी, 1 भाग फ्रिट, 1 भाग माती असं आहे. इझनिकवाल्यांनी त्यात वेगळेपण आणलं ते फ्रिटमध्ये शिसं घालून.

आता बशी पालथी का करायची ते. वरून सगळ्या बश्या सारख्याच दिसतात. पालथी केल्यावर बुडाशी जी गोल कडा असते, तिच्यावर ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, नसतं. तिथे अंग उघडं पडतं. गारगोटीच्या मालाची कडा पांढरी, किंचित रवाळ, बोटाला बारीक रव्यासारखी लागते. मातीच्या मालाची कडा गुळगुळीत, पिवळसर किंवा गुलाबी झाक असलेली. नखाने ओरखडा काढून बघू नका, दुकानदाराला आवडत नाही आणि कळतही काही नाही. बोट फिरवलं की पुरे.

चाकावरची

मातीकाम, फरक नुसता शुद्धतेचा नाही हेही सांगायला हवं. गारगोटी का वापरली याचं कारण भौतिक आहे.

शिसं आणि सोडा असलेलं ग्लेझ थंड होताना खूप आकसतं. साधी माती तेवढी आकसत नाही. मग ग्लेझ ताणलं जातं आणि त्यावर केसासारख्या तडा पडतात. गारगोटीचं अंग मात्र स्वतःच भरपूर आकसतं, त्यामुळे ग्लेझ दाबाखाली राहतं आणि अखंड टिकतं. 450 वर्षांच्या फरशीवर चकाकी आरशासारखी आणि तडे जवळजवळ नाहीत, याचं रहस्य हे आहे. म्हणून दुकानात बशी तिरपी धरून उजेडात बघा. नव्या मालावर जाळीसारख्या तडा दिसल्या तर ग्लेझ आणि अंग एकमेकांना जुळलेलं नाही. काही विक्रेते "जुन्यासारखा परिणाम" म्हणून ते खपवतात. तो दोष आहे.

थरांची नावं तिथे ऐकाल ती अशी. अंगावर अगदी शुद्ध गारगोटीचा पातळ पांढरा थर, त्याला तुर्कीत म्हणतात "अस्तर". हो, आपलाच शब्द, फारसीतून दोन्हीकडे गेलेला. त्यावर रंग. सगळ्यात वर पारदर्शक ग्लेझ, "सिर". आणि या संपूर्ण कलेला "चिनी". आपली चिनीमाती आणि त्यांची चिनी, दोन्ही नावांचं मूळ चीनच.

गाडगंमडकं

पायऱ्या कुणीतरी क्रमाने लिहा ना. कार्यशाळेत उभं राहिल्यावर कोण काय करतंय ते कळायला हवं.

चाकावरची

लिहिते. कार्यशाळेगणिक थोडा फरक पडतो, पण साधारण असं.

गारगोटीच्या गाऱ्याला लोच नसतो, चाकावर तो उभा राहत नाही, कडेला फाटतो. म्हणून फरश्या साच्यात दाबून करतात आणि बश्याही बहुतेक साच्यावर. वाळवताना फरशी दोन पाटांमध्ये ठेवून उलटसुलट करत राहावी लागते. एक बाजू आधी सुकली की कोपरे वर उचलतात आणि तो बाक पुढे कशानेही जात नाही. दुकानात फरशी सपाट काचेवर ठेवून चार कोपरे दाबून बघा. डुगडुगली तर भिंतीत बसवायला नको.

मग अस्तर, मग पहिली भाजणी. भाजलेला तुकडा बारीक घासकागदाने घासून धूळ पुसून घेतात. नक्षी आधी पारदर्शक कागदावर काढलेली असते. तिच्या रेषांवर सुईने जवळजवळ भोकं पाडायची, कागद फरशीवर ठेवायचा आणि कोळशाची पूड भरलेली कापडी पुरचुंडी वरून थोपटायची. काळे ठिपके उमटतात. आपल्याकडे रांगोळीचे कागदी छाप असतात तसंच. कोळसाच का, तर भट्टीत तो जळून जातो. पेन्सिलीचं ग्राफाइट सहजासहजी जळत नाही, त्याची करडी छटा राहू शकते.

ठिपक्यांवरून बारीक कुंचल्याने काळी रेघ, तिला "तहरीर" म्हणतात. मुलखाची अवघड गोष्ट ही. एका दमात ओढायची, जाडी पानाच्या टोकाकडे निमुळती होत जायला हवी. मग आतले रंग: कोबाल्टचा निळा, तांब्याचा फिरोजी आणि हिरवा, आणि लोहयुक्त मातीचा लाल.

रंग वाळल्यावर फरशी ग्लेझच्या पातळ घोळात दोन-तीन सेकंद बुडवून काढतात. त्या क्षणी सगळी नक्षी दुधासारख्या थराखाली गायब होते आणि भट्टीतून निघेपर्यंत कुणाला दिसत नाही. बुडाची कडा ओल्या स्पंजने पुसतात, नाहीतर भांडं भट्टीच्या फळीला चिकटतं. दुसरी भाजणी 900 अंश सेल्सिअसच्या आसपास.

मातीकाम

भाजणीबद्दल एक जोडतो. क्वार्ट्झचे स्फटिक 573 अंशांना एकदम आकार बदलतात, तापताना फुगतात आणि थंड होताना आकसतात. अंगात एवढी गारगोटी असल्यावर तो टप्पा दोन्ही वेळी सावकाश ओलांडावा लागतो. घाईघाईत थंड केलेल्या भट्टीत मोठ्या थाळ्या मधोमध चिरतात. त्या चिरेची धार तीक्ष्ण असते आणि ती ग्लेझमधून आरपार जाते. भट्टी 100 अंशांच्या खाली येईपर्यंत उघडू नये. कारागीर "उद्या या" म्हणाला तर तो तुम्हाला टाळत नाहीये.

निळाई

लाल रंगाचं एवढं कौतुक का?

चाकावरची

कारण बाकीचे रंग ग्लेझमध्ये थोडे विरघळून फुलतात. लाल विरघळला की संपला. तो लोहयुक्त मातीचा असतो. शिशाच्या ग्लेझमध्ये लोह विरघळलं की पिवळट, तपकिरी होतं. म्हणून तो बारीक गारगोटी मिसळून जाड थरात थापतात, म्हणजे वरचा भाग ग्लेझने खाल्ला तरी आतला लाल राहतो. थर पातळ पडला, किंवा भट्टी थोडी जास्त तापली, की विटकरी. फार जाड झाला की ग्लेझ त्यावरून मागे सरतं, किंवा पुढे टवका उडतो. दोन्हीच्या मधली जागा फार अरुंद आहे.

दुकानात यावरून चाचणी करता येते. डोळे मिटून फुलावरून बोट फिरवा. लाल पाकळी बोटाला उंचवट्यासारखी लागली पाहिजे. छापील चित्रात तो उंचवटा नसतो. रुस्तम पाशा मशिदीत भिंतीला हात लावू नका, पण बाजूने येणाऱ्या उजेडात बघितलंत तर लाल ठिपके वर आलेले दिसतात.

फिरोजीचीही एक गंमत आहे. तेच तांबं सोड्याच्या ग्लेझमध्ये फिरोजी दिसतं आणि शिसं वाढलं की हिरवं. इझनिकच्या ग्लेझमध्ये शिसं आणि सोडा दोन्ही आहेत, म्हणून तो तोल सांभाळावा लागतो. आणि निळा-फिरोजी ग्लेझ जाड झालं किंवा ताप वाढला की रेघेबाहेर ओघळतात. उभ्या फुलदाणीवर निळ्या रंगाची कड खालच्या बाजूला धूसर झालेली दिसली तर कारण हेच.

सह्यकडा

कुताह्या या चिनीकामाच्या दुसऱ्या तुर्की गावाचं काय? इझनिकच्या दुकानांत विकलं जाणारं बरंचसं कुताह्याहून येतं असं ऐकलंय. मग ते नकली म्हणायचं का?

रानवाट

नकली म्हणू नये. कुताह्याची परंपरा स्वतंत्र आहे आणि ती तुटली नाही, हे तिचं मोठेपण. इझनिकचं काम सतराव्या शतकात ढासळत गेलं. दरबारी मागणी आटली, ठरवून दिलेल्या भावात चांगला माल परवडेना. ऑटोमन प्रवासी एव्लिया चेलेबीने त्या शतकात भट्ट्या 300 वरून 9 वर आल्याची नोंद केली आहे. अठराव्या शतकात इझनिक थंडावलं आणि कुताह्या चालू राहिलं. 2016 मध्ये युनेस्कोने चिनीकलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं आणि 2017 मध्ये कुताह्याला हस्तकलेचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला, ते उगाच नाही. इझनिकमध्ये गारगोटीचं काम पुन्हा उभं करायला 1993 मध्ये इझनिक फाउंडेशन स्थापन झालं. विद्यापीठं आणि संशोधन संस्थांच्या मदतीने त्यांनी जुनं अंग आणि ग्लेझ अभ्यासलं.

कुताह्याच्या नेहमीच्या मालात मातीचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे तो चाकावर चढतो, स्वस्त पडतो, आणि रंगकाम अप्रतिम असू शकतं. फसवणूक होते ती मातीचा माल गारगोटीच्या भावाने विकला की. म्हणून तीन वाक्यं पाठ करा. "कुवार्स मी, किल मी?" म्हणजे गारगोटी की माती. "एल इशी मी, बास्की मी?" म्हणजे हातकाम की छापील. आणि "कुर्शुनसुझ मू?" म्हणजे बिनशिशाचं आहे का. चांगला कारागीर पहिल्याच प्रश्नाला खुलतो आणि बशी स्वतःच उलटी करून दाखवतो.

कुताह्याला जायचं तर इस्तंबूलहून जलद रेल्वेने एस्किशेहिर आणि तिथून बस. जुन्या मोठ्या मशिदीशेजारी याकूब बेच्या इमारेतमध्ये (जुन्या अन्नछत्रात) चिनी संग्रहालय आहे. एक दिवस पुरतो.

मातीकाम

छापील माल ओळखायला मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. स्टिकरसारख्या छापाचे रंग बारीक ठिपक्यांनी बनलेले असतात आणि दोन बश्यांवरची तीच पाकळी तंतोतंत सारखी असते. हाताच्या कामात एकाच बशीवरची दोन ट्युलिपसुद्धा सारखी नसतात. फसवायचा मधला प्रकार असा की काळी रेघ छापील आणि आतले रंग हाताने भरलेले. तिथे रेघेची जाडी सगळीकडे एकसारखी दिसते.

गाडगंमडकं

शिशाचा उल्लेख बऱ्याचदा आला. जेवायला वापरायचं की नाही?

चाकावरची

नाही. पारंपरिक ग्लेझ असेल तर अजिबात नाही. जुन्या इझनिकच्या ग्लेझमध्ये साधारण पाव भाग शिसं असे. आपलं जेवण तर त्या दृष्टीने जास्तच धोक्याचं: चिंच, आमसूल, लोणचं, दही, लिंबू. आंबटपणा शिसं ओढून घेतो आणि ते चवीला कळत नाही. लहान मुलं आणि गरोदर बायका असलेल्या घरात तर वाडगासुद्धा फळांना नको. "कुर्शुनसुझ" असा शिक्का असेल तरी ते फक्त कोरड्या खाऊला वापरावं. घरी बाजारात मिळणाऱ्या शिसे-चाचणीच्या काड्या वापरून बघता येतं, पण त्यावर पूर्ण विसंबू नका.

साफ करतानाही व्हिनेगर, लिंबू, आम्लाचे क्लीनर नकोत. चकाकी कायमची जाते. कोमट पाणी, मऊ फडकं, बस्स.

सह्यकडा

घरी स्वयंपाकघरात ओट्यामागे पट्टा लावायचा विचार आहे, 20 सेंटिमीटरच्या 12 फरश्या. काय काळजी घ्यावी?

मातीकाम

पहिल्यांदा वजन. 20 बाय 20 ची, पावणेदोन-दोन सेंटिमीटर जाड फरशी सव्वा ते दीड किलो भरते. 12 म्हणजे 15 ते 18 किलो. विमानाच्या सामानाचा हिशेब तिथेच संपतो. कार्यशाळेकडून कुरिअरने मागवलेलं बरं, किंवा 10 सेंटिमीटरच्या घ्या.

दुसरं, अंग सच्छिद्र असतं, पाणी शोषतं. मुंबई-कोकणच्या भिंतीत ओल आणि क्षार असतील तर ते मागून फरशीत चढतात, सुकताना स्फटिक होतात आणि ग्लेझ आतून ढकलतात. आधी भिंतीची ओल बंद करा, मग फरशी. लवचिक सिमेंटी चिकटा वापरा, पूर्ण पाठीला, चार टिकल्या लावून नाही. सांध्यात वाळूमिश्रित ग्राउट नको, शिशाचं ग्लेझ मऊ असतं, त्यावर चरे पडतात. बारीक, बिनवाळूचं घ्या. कापायची वेळ आली तर पाण्यावर चालणारं हिऱ्याचं पातं आणि ग्लेझची बाजू वर. जमिनीवर कधीही बसवू नका. आणि ओट्यामागे चिंचेचा कोळ, लिंबाचा रस उडतोच. गॅसच्या मागचा भाग सोडून कोरड्या बाजूला लावा. 12 च्या जागी 14 मागवा. पुन्हा मागवलेल्या फरश्यांचा निळा जुन्या निळ्याशी जुळत नाही, प्रत्येक भट्टीचा वेगळा.

निळाई

एका दिवसात स्वतः रंगवायची सोय असते का?

चाकावरची

असते, पण रंगवलेली फरशी त्याच दिवशी हातात मिळत नाही. रंग वाळणं, ग्लेझ, भट्टी भरेपर्यंतची वाट, भाजणी आणि थंड होणं, यात कितीतरी दिवस जातात. आधी विचारून घ्या की ते टपालाने पाठवतात का. पुढच्या गावांना जाऊन परत येणार असाल तर इझनिक सहलीच्या सुरुवातीला ठेवा.

रंगवताना होणाऱ्या चुका: कुंचला फार ओला. कोरडं अंग पाणी इतक्या झपाट्याने पितं की रंग थांबलेल्या जागी डाग पडतो. कुंचला कडेला निथळवा आणि न थांबता चाला. दुसरी चूक हाताची. हँडक्रीम लावलेल्या बोटाने पृष्ठभाग धरला की त्या ठशावर ग्लेझ बसत नाही, भाजल्यावर तिथे उघडा चट्टा दिसतो. कडेने धरा. पहिल्यांदा करणाऱ्याने लाल रंग टाळावा.

नक्षी निवडायला सांगतील तेव्हा "चिंतेमानी" मागून बघा. त्रिकोणात तीन गोळे आणि खाली दोन नागमोडी पट्टे. नाव आपल्याच "चिंतामणी"वरून, बौद्ध परंपरेतून मध्य आशियामार्गे गेलेलं. तिकडच्या कारागिरांना तो शब्द संस्कृत आहे हे सांगितलं की गप्पा लांबतात. आकार सोपे असल्याने नवख्याला जमतं.

दूरदेशी

खाण्याचं राहिलं. शाकाहारी असाल तर मर्जिमेक चोर्बासी म्हणजे मसुरीचं सूप सगळीकडे मिळतं, पण "एत सुयू वार मी?" असं विचारा, कधी मांसाच्या पाण्यात करतात. चीज, पालक किंवा बटाट्याची गोझलेमे म्हणजे पातळ पोळीत सारण भरून तव्यावर भाजलेली, ती बिनधास्त. "झेयतिनयाला" असं लिहिलेल्या भाज्या ऑलिव्ह तेलातल्या, थंड वाढतात. इझनिकचे ऑलिव्ह चांगले. मासे खाणाऱ्यांना तळ्यातला यायिन मासा.

आणखी एक गंभीर गोष्ट. शेतात, तटाजवळ, उत्खननाच्या कडेला रंगीत खापराचे तुकडे पडलेले दिसतात. एकही उचलू नका. तुर्कस्तानात 1983 च्या 2863 क्रमांकाच्या कायद्याने पुरातन वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर एका तुकड्यासाठीही अडवतात. विकत घेतलेल्या मालाचं बिल घ्या आणि त्यावर नवीन बनावटीचं आहे असं दुकानदाराकडून लिहून घ्या. बशी सामानात भरताना आडवी नाही, उभी ठेवा, पुस्तकं ठेवतो तशी. बबलचे दोन वेढे, दोन बश्यांमध्ये पुठ्ठा, चारही बाजूंना कपडे. आडव्या चळतीत वरच्या सगळ्यांचा भार तळच्या बशीवर येतो.

गाडगंमडकं

शेवटचा प्रश्न. असं गारगोटीचं काम आपल्याकडे कुठे बघता येईल?

मातीकाम

जयपूरची निळी भांडी. गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, डिंक आणि सोडा. साच्यात दाबून करतात, कारण तिथेही चाकावर चढत नाही, आणि एकदाच भाजतात, 800 ते 850 अंशांच्या आसपास. तिथे निळा आणि फिरोजी आहे, तो जाड लाल नाही. इझनिकला जाण्याआधी जयपूरच्या एखाद्या कार्यशाळेत तास-दोन तास बसलात तर गाऱ्याचा रवाळपणा हाताला कळलेला असेल. मात्र जयपूर असो की इझनिक, जिथे गारगोटी दळतात त्या खोलीत जाताना साधा कापडी मास्क पुरत नाही, सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि निघत नाही. एन-95 सोबत ठेवा, आणि मुलांना त्या खोलीत नेऊ नका.